बारा कॅरेटचं विमान

"प्रकाश, विमान डावीकडं वडतंय. यिऊन जा."

पायलटतात्यांचा फोन असा यायचा. कसा आहेस नाही, कामात आहेस का नाही. विट्याला स्टँडसमोर माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. फोन येई तेव्हा माझ्यापुढे सोसायटीचा प्रिंटर पोट उघडून पडलेला असे, बाकड्यावर दोघंतिघं लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेली असत, आणि मी खांद्यात फोन धरून सांगत असे, "संध्याकाळी येतो, तात्या." नवं गिऱ्हाईक माझ्याकडे जरा आदराने बघायचं. याच्याकडे विमानंही दुरुस्तीला येतात, असं त्याला वाटत असावं. जुन्या गिऱ्हाइकांना सगळं ठाऊक होतं. ती म्हणायची, "जावा मालक, जावा. पडंल न्हाईतर."

विमान म्हणजे तात्यांच्या माडीवरच्या खोलीतलं. भिंतीएवढा पडदा, समोर दोन्ही हातांत धरायचा दांडा, टेबलाखाली दोन पेडलं आणि एक खुर्ची. घरबसल्या विमान उडवायचं हे यंत्र, सिम्युलेटर म्हणतात त्याला, मीच त्यांना जुळवून दिलं होतं. जुळवलं तेव्हा वाटलं, एक मोठं काम हातावेगळं झालं. त्यानंतर काही वर्षं मी तो जिना चढत होतो. माझे गुडघे तसे लवकरच बोलायला लागले, आणि त्यात त्या जिन्याचा वाटा आहे.

तात्यांचं नाव हणमंतराव. त्यांच्या वडिलांचं दक्षिणेतल्या एका शहरात गलाईचं दुकान होतं. आमच्याकडची निम्मी गावं गलाईवर जगतात. सोनं गाळायचं, शुद्ध करायचं, कस सांगायचा, या कामासाठी माणसं कुठल्या कुठे जाऊन राहिली आहेत. तात्या त्या दुकानाच्या धुरात वाढले. त्या शहराबाहेर फ्लाइंग क्लब होता. पोरगा भट्टीजवळ बसायचा सोडून तिथल्या कुंपणाला लटकायला लागला, आणि बापाने चार शिव्या देऊन शेवटी पैसे भरले. पुढे तात्या जन्मभर छोट्या, दोन माणसांच्या विमानात पोरांना शिकवत राहिले. मोठ्या कंपनीत का गेला नाहीत, असं मी एकदा विचारलं. "तिथं विमान चालवत्यात," ते म्हणाले. "मला शिकवायचं हुतं."

माणूस इतकी वर्षं बाहेर राहिला, पण बोली विट्याचीच राहिली. फक्त कानाला हेडफोन लावला आणि यंत्रातल्या खोट्या टॉवरशी बोलायला लागले, की तोंडातून असं स्वच्छ इंग्रजी यायचं की मी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवून ऐकत बसायचो. हेडफोन काढला की, "ए गड्या, च्या घेतलास का?"

गलाईचं दुकान सुटलं तरी कस सुटला नाही. हलणाऱ्या प्रत्येक वस्तूला तात्या कॅरेट लावायचे. एसटीचा ड्रायव्हर वळणावर गिअर कसा टाकतो त्यावर, शेजारणीची सून स्कूटी कशी थांबवते त्यावर, माझ्या मोटारसायकलच्या ब्रेकवरसुद्धा. खरं विमान चोवीस. माडीवरच्या विमानाला अठराच्या वर त्यांनी कधी दिलं नाही, आणि बहुतेक दिवशी ते बारावरच अडायचं. "दिसायला लय देखणं हाय," ते म्हणायचे. "ढग बघ, नदी बघ, आपल्या रेवणगावचा घाट बी दावलाय. पर हातात घेतलं की पितळ."

पितळ का, तेही ते सांगायचे, आणि ते ऐकून ऐकून मला पाठ झालं होतं. खरं विमान जोरात असलं की दांडा जड होतो, सावकाश झालं की हलका होतो, आणि पडायच्या आधी हाताला पोकळ लागतो. या दांड्याला मात्र एकच स्प्रिंग, तो सदा सारखाच. खरं विमान जमिनीशी आलं की उतरायला कुरकुर करतं, हवेच्या गादीवर तरंगतं. हे आपलं पाटावर वाटी ठेवावी तसं टेकतं. खऱ्या विमानाची बातमी आधी बैठकीला आणि तळपायाला लागते, डोळ्यांना मागून. "हितं सगळी बातमी डोळ्यालाच. बाकी अंग नुसतं गिऱ्हाइकावानी बसलंय."

त्यांच्या घराला लागून यंत्रमागाची शेड होती. माग चालू झाला की सगळ्या भिंतीला बारीक थरथर सुटायची. काकू, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, त्या आवाजाला आयुष्यभर वैतागल्या होत्या. तात्यांनी मात्र खुर्ची आणि पेडलं मुद्दाम त्या भिंतीला चिकटवून घेतली आणि अनवाणी बसायला लागले. का, तर तळव्यांना इंजिन लागतं. मागवाल्याची आठवड्याची सुट्टी असली की त्या दिवशीचं उड्डाण रद्द. "आज इंजिन बंद हाय," असं सांगून ते खाली पेपर वाचत बसायचे. काकू मला म्हणायच्या, "सगळ्या जगानं तक्रार किली त्या मागाची. ह्येनी त्याला ठरलेल्या येळंला चालू का किला न्हाई म्हणून भांडण काढलं."

कंटाळा मला यायचा. खोटं कशाला बोलू? दांड्याची स्प्रिंग बदल, पडद्यावरचा अमका आकडा कमी कर, तमका वाढव. आज केलेलं उद्या पुसायचं. यंत्राला नावं ठेवणारा हा माणूस दुसरा कोणी असता तर नाचता येईना अंगण वाकडं म्हणून मी त्याचा नाद सोडला असता. पण तात्यांना नाचता येत होतं, हीच अडचण होती. शिवाय एकदा त्यांनी मला खुर्चीत बसवून स्वतःचा हात माझ्या हातावर ठेवला आणि विमान असं अलगद वळवलं की पडद्यावरची नदी ताटातल्या आमटीसारखी कलली. तेव्हापासून मी मुकाट्याने जिना चढायचो.

त्यांच्या मनात काय होतं, ते मला एका दुपारी कळलं. साखरेमुळे, म्हणजे मधुमेहामुळे, त्यांचं उडणं वैद्यकीय तपासणीत बंद झालं होतं. आदल्या दिवशी ते नेहमीसारखे एका पोराला घेऊन उडाले, उतरले, विमान लावलं, घरी गेले. दुसऱ्या दिवशी तपासणीत कागदावर सही झाली आणि संपलं.

"आदल्या दिवशीचं उतरणं मला आठवतच न्हाई बघ," ते म्हणाले. "वारा कुठला हुता, चाकं कशी टेकली, काय न्हाई. रोजच्यासारखं उतरलो. शेवटचं हाय म्हणून ठावं असतं तर जरा ध्यान दिऊन उतरलो नसतो व्हय?"

मी काहीतरी तोंडदेखलं बोललो. ते म्हणाले, "एकदा. आपल्या हातापायानं एकदा उतरायचं, शेवटचं हाय म्हणून. मग राहिलं तरी चालंल."

ही संधी यास्मिनमुळे आली. यास्मिन इस्लामपूरच्या एका बांगड्यांच्या दुकानदाराची मुलगी. नोकरीची शेवटची वर्षं तात्या महाराष्ट्रात शिकवत होते, तेव्हाची त्यांची विद्यार्थिनी. आता ती स्वतःच शिकवते. तिने फोन केला की कराडच्या बाजूच्या धावपट्टीवर ती काही दिवस एक छोटं विमान घेऊन येणार आहे. सर, तुम्ही या, मी शेजारी बसते, तुम्ही उडवा आणि तुम्हीच उतरवा. तारीख पावसाळा सरल्यावरची ठरली. तात्यांनी त्या दिवसापासून सराव धरला, आणि माझ्या मागे शुक्लकाष्ठ लागलं.

आता सगळी तक्रार पेडलांवर आली. छोटं विमान पूर्ण जोर देऊन पळायला लागलं की नाक डावीकडे ओढतं, उजव्या पायाने ते धरून ठेवायचं असतं. तात्यांचं विमान दर वेळी डावीकडे गवतात जायला लागलं. "पेडल लोण्यावानी जातंय," ते म्हणाले. "आवळ." मी सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कापून पेडलांना बांधल्या. चार दिवसांनी पुन्हा फोन. "आवळ रं. लागतच न्हाई काय." मी आणखी पट्ट्या बांधल्या. मग मोटारसायकलची ट्यूब आणली. पंक्चरवाला मला विचारायला लागला की हे दुकानात काय नवीन काढलंय. पडद्यावरचे आकडे मी उलटेसुलटे सगळे करून पाहिले. विमान तरी डावीकडेच, नाहीतर एकदम उजवीकडे. तात्या म्हणायचे, "धा कॅरेट. ह्येला धा बी जास्त हुतील."

एकदा मी टेबलाखाली वाकून ट्यूब बांधत होतो, ते हेडफोन लावून वर बसले होते. मला मोठ्याने म्हणाले, "आज माग बंद हाय व्हय रं? इंजिन लागंना." माग चालू होता. माझा गुडघा फरशीवर टेकला होता, त्यालासुद्धा ती थरथर लागत होती. मी म्हणालो, "चालू आहे की." ते म्हणाले, "मग सावकाश चालवत असंल."

पट्ट्या बांधून झाल्या तेव्हा बघावं म्हणून मी स्वतः खुर्चीत बसलो आणि पेडल दाबलं. ते हलेना. मांडी ताणून, खुर्चीला पाठ लावून दाबलं तेव्हा कुठे गेलं, आणि माझ्या पोटरीत गोळा आला. याला हा माणूस लोणी म्हणत होता. मी खाली बघितलं. शेजारी उभ्या असलेल्या तात्यांच्या उजव्या पायाच्या बोटाजवळ एक लहान जखम होती, जुनी, कडेने पांढरी पडलेली. "हे काय लागलं?" मी विचारलं. "कुठं काय?" म्हणून त्यांनीच वाकून पाहिलं.

चहाला खाली आलो तर काकू पायरीवर उभ्या होत्या. तात्यांची एक चप्पल सकाळी अंगणातच गळून पडली होती. ते एकच चप्पल घालून फाटकापासून घरात आले होते. "असं रोज हुतंय हल्ली," काकू हळू आवाजात म्हणाल्या. "मी उचलून ठेवती. बोलत न्हाई." त्यांच्या हातात ती चप्पल होती आणि त्या ती पदराने पुसत होत्या. मला फार वाईट वाटलं. त्या यंत्राला मी किती महिने आवळत होतो.

मी आणि काकूंनी मिळून त्यांना सांगलीला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगून पायाच्या बोटांना काहीतरी टोचून पाहिलं, आणि साखरेने पायांच्या नसा बधिर झाल्यात म्हणून सांगितलं. तात्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. गाडीत बसल्यावर म्हणाले, "टोचल्यालं कळत न्हाई म्हणून पेडल कळत न्हाई, असं कुठं हाय? टोचणं येगळं, दाबणं येगळं." काकूंनी माझ्याकडे पाहिलं. कराडला जायचं रद्द करा, हे त्यांना कोणी सांगायचं, हा प्रश्न होता. काकू म्हणाल्या, "मी न्हाई सांगायची. त्येंचं त्येंनाच कळू दे." यास्मिनला मात्र मी फोन करून सगळं सांगून ठेवलं. ती म्हणाली, "येऊ दे सरांना. उडायचं की नाही ते सरच ठरवतील. आम्हाला त्यांनी तेच शिकवलंय."

त्या दिवशी तात्या पांढऱ्या शुभ्र शर्टात, बुटांना पॉलिश करून गाडीत बसले. वाटेत मलकापूरला चहा घेतला, तोही त्यांनी बिनसाखरेचा मागितला. एरवी बाहेरचा चहा म्हणजे त्यांची चोरून गोड खायची जागा. धावपट्टीवर यास्मिन वाट बघत होती. "सर," एवढंच म्हणून ती वाकली, तर त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग ते विमानाभोवती फिरले. पंखाच्या कडेवरून हात फिरवला, पंखाची मागची पट्टी वर-खाली करून पाहिली. "हाताला कळतंय," ते स्वतःशीच म्हणाले.

आत बसल्यावर त्यांनी बूट काढले, मोजे काढले. पाय पेडलांवर ठेवले आणि नुसते बसून राहिले. मग दारातून मला हाक मारली.

"प्रकाश, शेपटाकडं जा. मी दाबतोय. शेपटाची फळी कुठं, किती जाती, सांग."

मी विमानाच्या मागे जाऊन उभा राहिलो. शेपटीवरची उभी फळी सरकन उजवीकडे गेली आणि टोकाला जाऊन थांबली.

"उजवीकडे," मी ओरडलो.

"किती?"

"पूर्ण गेली, तात्या."

फळी मधे आली. पुन्हा गेली, पुन्हा टोकाला. "आता?" "आताही पूर्ण." मी परत दाराशी आलो तेव्हा ते स्वतःच्या पायांकडे बघत होते.

"मी जरासंच दाबलं हुतं," ते म्हणाले.

यास्मिनचे डोळे भरले होते, पण ती आवाज सांभाळून बोलली. "सर, हात तुमचे, पाय मी सांभाळते. पेडलं माझ्याकडे. उतरणं तुमचंच."

"अर्ध्या उतरण्याला उतरणं म्हणत न्हाईत, बाळ," तात्या म्हणाले. "आन् तुझी बी घरी कुणीतरी वाट बघत असंल." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "माझा बाप सकाळी दुकान उघडलं की आदी कसाचा दगड धुवायचा. दगडाला तेल लागलं असलं की चांगलं सोनं बी हिणकस दिसतंय. मग सोन्याला नावं ठिऊन काय उपेग? म्या इतकं महिनं तुला जिना चढाय लावला, आन् दगड धुवायचाच राहिला."

ते उतरले, विमानाला वळसा घालून दुसऱ्या बाजूला, उतारूच्या जागेवर बसले. यास्मिनने विमान उडवलं. मी खालून बघत होतो. कृष्णेच्या अंगाला जाऊन, उसाच्या फडांवरून वळून ते परत आलं आणि अलगद टेकलं. तात्या सबंध वेळ हात मांडीवर ठेवून बसले होते, असं तिने मला नंतर सांगितलं. दांड्याला बोटसुद्धा लावलं नाही. घरी आल्यावर काकूंनी विचारलं, कसं झालं. "पोरगी लय चांगली उतरली," ते म्हणाले. "चोवीस." आणि हात-पाय धुवायला गेले.

त्यानंतर त्यांचा फोन यायचा बंद झाला. सुरुवातीला मला बरं वाटलं, दुकानातली तुंबलेली कामं झाली. पण एक आठवडा गेला, दुसरा गेला, आणि मीच एक दिवस जिना चढून गेलो. ते खुर्चीत बसले होते, विमान चालू होतं. मी ट्यूबच्या पट्ट्या काढून पेडल पहिल्यासारखं करून दिलं. "कसं आहे?" विचारलं. "बरं हाय. बावीस." दांडा कसा आहे? "बरं हाय." कुणी लग्नातला दागिना दाखवला तर सभ्य माणूस जसं छान म्हणतो, तसं ते बोलत होते. आता पायांकडे बघून चप्पल घालायचे, बघून पायरी उतरायचे आणि एसटीच्या ड्रायव्हरलासुद्धा नावं ठेवत नव्हते. काकू म्हणाल्या, "बोलंनात घरात. त्या मागाची सुट्टी कवा आसती, ह्ये बी इचारंनात." कधी नव्हे ते काकूंनाच मागाचा आवाज बरा वाटायला लागला होता.

मला हे सहन होईना. एका दुपारी ते खाली जेवत असताना मी डावं पेडल मुद्दाम ढिलं करून ठेवलं, चांगलं हातभर खेळ येईल असं. ते आले, बसले, उडाले. पडद्यावर वेग-उंची दाखवणाऱ्या घड्याळांच्या खाली काचेची एक वाकडी नळी असते, तिच्यात काळी गोळी असते. गवंड्याच्या पातळीतला बुडबुडा असतो ना, त्याच कामाची. पाय बरोबर असले की गोळी मधे राहते. ती एका बाजूला पळून गेली. तात्यांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"डावं ढिलं किलंयस."

"पायाला कळलं?"

"पायाला कुठलं कळतंय. गोळी बघितली. नावं ठेवायला कायतरी असावं म्हणून किलंस व्हय?"

मी होकारार्थी मान हलवली. मला वाटलं, आता चिडतील. त्यांनी विमान वळवलं, डोळे त्या गोळीवर ठेवून धावपट्टीवर आणलं, आणि आपटून उतरवलं.

"हे मोजायचं का शेवटचं?" मी भीत भीत विचारलं.

"ह्ये?" तात्या म्हणाले. "बारा कॅरेटचं उतरणं कोण मोजतंय. आवळ ते पेडल. आन् दांड्याची स्प्रिंग बी बदल, मेली हाय ती. उद्या ये." मी तिथेच फरशीवर बसून पट्ट्या कापायला लागलो, आणि बऱ्याच दिवसांनी मला त्या कामाचा कंटाळा आला नाही.

त्यानंतर वर्षभर फोन येत राहिले. ते गोळी बघून उडायचे, उतरायचे, आणि मला खाली वाकवून शिव्या द्यायचे. गेल्या दिवाळीनंतर तात्या गेले, सकाळी चहा पिता पिता. तेराव्याला मी गेलो तर घर माणसांनी भरलेलं होतं. यास्मिन इस्लामपूरहून आली होती, माजघरात बायकांत बसली होती. काकूंनी मला बाजूला घेतलं.

"आदल्या दिवशी दुपारी बसलं हुतं वर," त्या म्हणाल्या. "दोनदा उतरलं. आन् उठताना म्हणालं, बारा कॅरेट, पेडल ढिलं झालंय, प्रकाशला फोन लाव. मी म्हटलं, उद्या लावती. ऱ्हायलंच."

मी माडीवर गेलो. शेजारचा माग चालू होता. दुकानातून तसाच आलो होतो, खिशात स्क्रू ड्रायव्हर होता. टेबलाखाली बसून मी पेडल आवळलं, आणि नीट झालं का बघायला हाताने दाबून पाहिलं. चांगलं जड लागत होतं.